पांढरं मीठ, चिंचेचा गोळा

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला समजावत बसायला नको. लहानपणी विहिरीत डोकवायची भीती, लग्न होऊन उमरग्याला आले तेव्हा हायवे ओलांडायची भीती, आणि या दोन्ही जिरल्यावर एका डब्याची भीती. डबा निळ्या प्लास्टिकचा. वर कवटीचं चित्र, आत पांढरं मीठ. मीठ हे आपलं आमच्या शेडमधलं लाडाचं नाव. खरं नाव सायनाईड.

नवरा माझा गाड्यांच्या भागांवर तांबं चढवतो. पुण्याकडं एका कारखान्यात उस्तादाच्या हाताखाली कित्येक वर्षं तेच केलं, मग गावाची ओढ लागली आणि घरामागच्या मोकळ्या जागेत पत्र्याचं शेड टाकलं. सगळ्यांनी वेड्यात काढलं. म्हणाले, उमरग्यात कोण चढवून घेणार तांबं? पण आमच्या भागातल्या माणसाची हौस कुणाला कळलीय? नळाला पाणी नसलं तरी चालेल, पण जीप अशी चमकली पाहिजे की लग्नात नवरदेवाकडं कुणी बघू नये. जुन्या जीपा, मोडीत निघालेल्या गाड्या लोक आणतात, नव्यानं सजवतात. पुढची जाळी, बंपर, दारांच्या मुठी, आरशांच्या कडा हे सगळं आमच्याकडं येतं. वरून क्रोम करायचं असलं तरी आधी तांब्याचा थर लागतोच. तो नसला तर वरची चमक दोन पावसाळ्यांत पोपडे धरते. हल्ली काही हौशी तर क्रोम नकोच म्हणतात, नुसतं तांबंच ठेवा, गुलाबी दिसू द्या.

दारांच्या मुठी बहुतेक जस्ताच्या ओतीव असतात. त्यांच्यावर पहिला थर बसायला ते पांढरं मीठच लागतं. टाकीतल्या पाण्यात विरघळलेलं असतं तोवर ते बिचारं गुमान असतं. पण त्याला अॅसिड भेटलं की त्याचा वायू होतो, आणि तो वायू काम उरकायला फार वेळ घेत नाही. लग्नानंतर यांनी मला हे जेवताना सांगितलं होतं, भाकरी मोडता मोडता, जसं काही बाजारभाव सांगतायत. माझा घास तसाच हातात राहिला.

म्हणून शेडचे दोन भाग. एका टोकाला पांढऱ्या मिठाची टाकी, तिच्यातून निघालेला माल पहिल्यांदा खळबळायची हिरवी बादली, म्हणजे तिच्या पाण्यातही मीठ उतरलेलं. दुसऱ्या टोकाला अॅसिडचे कॅन, मोरचुदाची निळीशार टाकी आणि लाल बादली. मधे छातीएवढी विटांची भिंत. हिरवीतलं लालमध्ये नाही, लालमधलं हिरवीत नाही, हातमोजेसुद्धा वेगळे, तोंडाला मास्क. मिठाच्या टाकीवर भिंतीत एक मोठा पंखा, हवा बाहेर फेकायला. तो भंगारातून आणलेला. चालू केला की पिठाची गिरणी लागल्यासारखा आवाज होई. शेजारणीशी बोलायचं तर आम्ही गल्लीच्या टोकापर्यंत चालत जायचो.

एवढं सगळं असताना मी भीत होते, पण बेतानं. पोटात कायम एक खडा असायचा, इतकंच. खरी भीती करोनानंतर सुरू झाली.

यांना करोना झाला आणि बराही झाला, पण वास गेला तो गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. मी रोज परीक्षा घ्यायची. उदबत्ती नाकाशी धरायची, रॉकेल धरायचं, हिंगाची डबी धरायची. "येतोय जरासा," असं हे म्हणायचे. मला वाटायचं, खरंच येतोय. मग एकदा मी मुद्दाम फोडणीत लसूण करपवला, चांगला कोळसा होईस्तोवर. साऱ्या घरात धूर. हे पाटावर बसले, भाजी खाल्ली आणि म्हणाले, "झकास झालीय." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. माणूस माझी दया येऊन खोटं बोलत होता आणि दुसऱ्या दिवशी त्याच नाकानं सायनाईडच्या टाकीवर वाकणार होता.

भांडले मी. भांडायला मला फार वेळ लागत नाही.

"डोळे हायत, कान हायत, हात हायत," हे म्हणाले. "नाकानं कोण प्लेटिंग करतंय?"

"करत न्हाय कुणी, पण नाकाशिवाय मरतंय," मी म्हणाले.

त्या वायूला कडू बदामाचा मंद वास येतो, हे यांना उस्तादानं सांगितलेलं. मग मी ठरवलं, यांचं नाक नाही तर माझं आहे. माझं नाक म्हणजे माहेरी चेष्टेचा विषय होता. माहेर ढोकीजवळ, साखर कारखान्याच्या शेजारी. गाळप सुरू झालं की मळीचा वास सगळ्यांनाच येतो, पण वारं उलट्या दिशेला असतानाही मी घरात बसून सांगायची, आज कारखाना पेटला. दूध नासायच्या आधी मला कळतं. वडील म्हणायचे, हिला पोलिसांत देऊ, कुत्र्याचा खर्च वाचेल. तर या नाकाला मी नवं काम लावलं. बाजारातून बदाम आणले, एकेक चावून बघितला, एक कडू निघाला तो खलबत्त्यात कुटला आणि हुंगला. पुन्हा पुन्हा हुंगला. लहानपणी पाढे पाठ केले नसतील इतका तो वास मी पाठ केला.

आणि दारात बसायला लागले. शेडच्या दाराशी पोतं टाकून ज्वारी निवडायची, तूर निवडायची, फाटकं शिवायचं. हात आपले चालू, नाक आत. सोड्याचा वास, घासायच्या मेणाचा वास, हायवेवरून येणारं डिझेल. हे टाकीवर वाकले की माझा श्वास थांबायचा आणि मग आठवायचं, बाई, श्वास थांबवून वास कसा येईल, घे श्वास. हे खोकले की मी उठून उभी. बराच वेळ खोकले नाहीत तरी उभी. शेजारीण जाता-येता टोमणा मारायची, "नवऱ्याला राखण बसलीस व्हय गं?" मी म्हणायची, "व्हय, पळून जाईल म्हणून." तिला काय सांगायचं? संध्याकाळी टाकीवर झाकण पडलं की मला इतकं हलकं वाटायचं की स्वयंपाक करताना मी गाणी म्हणायची. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण निघालं की पुन्हा पोटात खडा.

कधीकधी पंखा बंद दिसायचा. मी विचारलं तर हे म्हणायचे, "आवाजानं डोकं उठतंय गं." मी चिडायची, लावायला लावायची. थोड्या वेळानं बघावं तर पुन्हा बंद. मला वाटायचं, विजेचं बिल वाचवतायत. चिक्कू माणूस.

आता सासूबाईंची ओळख करून द्यायला हवी. मी त्यांना आत्या म्हणते. त्या थोरल्या दिरांकडं राहतात, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या गावात. देवाशी कानडीत बोलतात, आमच्याशी मराठीत, आणि गाई-म्हशींशी दोन्हींत. नवरात्रात त्या आमच्याकडं येतात, कारण खंडेनवमीला धाकट्या लेकाच्या यंत्रांची पूजा त्यांच्या हातानं व्हावी लागते. हत्यारं धुवायची, यंत्रं पुसायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची. आणि पूजा झालेलं यंत्र त्या दिवशी चालवायचं नाही. त्याला एक दिवस विसावा.

शेड नवीन असताना पहिल्याच खंडेनवमीला त्यांनी लिंबू आणलं. सगळीकडं लिंबू कापतात, यंत्राला पिळतात, दृष्ट निघते. त्या लिंबू घेऊन टाकीकडं निघाल्या तसे हे असे ओरडले की त्यांच्या हातातलं लिंबू पडलं. "अव्वा, शेडात लिंबू न्हाय आनायचं. कवाच न्हाय." का, ते यांनी समजावलं नाही. आईला समजावत बसायची यांना सवय नाही आणि समजून घ्यायची त्यांनाही नाही. त्या दिवसभर अबोल्यात होत्या. पण नंतर कधी त्यांनी लिंबू आणलं नाही. लेकाच्या यंत्राला लिंबू सोसत नाही, असं काहीतरी त्यांनी धरलं असावं. आमच्या शेडची मिरची-लिंबं बाहेर रस्त्याकडच्या खिळ्याला.

गेल्या खंडेनवमीची गोष्ट. सोलापूरकडच्या एका गुत्तेदाराच्या जीपचं काम आलेलं. त्याला क्रोम नको होतं, नुसतं तांबं. मुठी, कड्या, जाळीच्या पट्ट्या निघाल्या होत्या, अगदी नव्या नवरीसारख्या. पण वरून लाखेचा हात मारायचा राहिला आणि दमट हवेनं त्यांच्यावर काळे डाग पडले. यांना त्याचं काही नव्हतं. दसरा झाला की पुन्हा घासू, लाख मारू. माल हिरव्या बादलीजवळच्या फळीवर तसाच ठेवलेला.

सकाळची वेळ. हायवेवरून तुळजापूरची ज्योत घेऊन पोरं पळत गेली, त्यांचा गलका आता कुठं विरला होता. पंखा पुसून झाला होता, त्याला आत्यांनी आधीच माळ घातली होती, म्हणजे तो आता बंद. टाकीवर झाकण होतं. टाकी थंड होती, काम नव्हतं. मी दाराशी तोरण ओवत बसले होते आणि खरं सांगते, त्या दिवशी पोटात खडा नव्हता. हे आमच्याकडं पाठ करून खाली बसून, आरती म्हणत, ओल्या फडक्यानं टाकीची बाहेरची बाजू पुसत होते, कुंकू लावायला. आत्या त्यांच्या शेजारी, हाताच्या अंतरावर, माझ्याकडं पाठ करून बसल्या होत्या. मला वाटलं, हत्यारं धुतायत.

"काय गं," त्या म्हणाल्या, "कसला वास येऊलालाय?"

"झेंडूचा असंल, आत्या. न्हाय तर कापराचा."

"झेंडू मला कळत न्हाय व्हय? कडू बदाम गं. बासुंदीत एखादा दाताखाली येतुय बघ, तसला."

कडू बदाम हे शब्द त्यांना कुणी शिकवलेले नव्हते. त्यांचा अर्थ घरात फक्त यांना आणि मला माहीत होता. मी श्वास घेतला, नाकपुड्या दुखेपर्यंत घेतला. झेंडू आला, कापूर आला, सोडा आला, आत्यांच्या पातळाला येणारा पेटीतल्या डांबरगोळीचा वास आला. बदाम नाही.

"मला तर न्हाय येत," मी म्हणाले.

"तुझं नाक काय चोरानं न्हेलं?" त्या हसल्या आणि मग हसता हसता थांबल्या. "पोरी, डोकं गरगरूलालंय गं माझं."

त्या जराशा कलल्या तेव्हा मला पुढचं दिसलं. मांडीशी वाडगा. वाडग्यात गावाहून आणलेला चिंचेचा गोळा, भिजवलेला, कुस्करलेला. एका हातात दाराची मूठ, लखलखीत. तांबं काळं पडलं की बाईमाणूस काय करतं? घागर असो, तांब्या असो, देवाचं ताम्हन असो, चिंच लावतं आणि घासतं. पूजेच्या दिवशी लेकाच्या शेडात काळं तांबं त्यांना बघवलं नव्हतं. घासलेली प्रत्येक मूठ त्या समोरच्या हिरव्या बादलीत बुडवून काढत होत्या, आणि वाडग्यातलं आंबट पाणीही तिच्यातच ओतलं होतं.

"अहो, चिंच!" मी किंचाळले. "बाहेर या! चिंच!"

त्या एका शब्दात यांना सगळं कळलं. हे उठले, आईच्या काखेत हात घातले आणि तिला ओढत, जवळजवळ फेकत बाहेर आणलं. पंख्याचं बटण दाराबाहेर आहे, ते मी दाबलं. पंखा घरघरला, माळ तुटली आणि झेंडूच्या पाकळ्या पार रस्त्यापर्यंत उडाल्या. अंगणात आत्या आडव्या. ओठ राखेच्या रंगाचे. उलटी झाली. "शिवा, शिवा," एवढंच त्या म्हणत होत्या. मला एकच दिसत होतं, त्यांची छाती वर जातेय का, खाली येतेय का. वर गेली की मला वाटायचं खाली येणार नाही, खाली आली की वाटायचं आता वर जाणार नाही.

शेजाऱ्याच्या गाडीतून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी ऑक्सिजनची नळी लावली आणि यांना असं झापलं की बाहेरची माणसं डोकावून बघायला लागली. वाचल्या. पाणी थोडं होतं, दार सताड उघडं होतं आणि देवाला त्यांची कानडी आवडत असावी. दुपार कलली तशी त्यांनी डोळे नीट उघडले, चहा मागितला. तेव्हा नर्सनं त्यांची मूठ सोडवली. आत दाराची तांब्याची मूठ होती, सगळ्या गोंधळात त्यांनी ती सोडली नव्हती.

हे खाली मान घालून कॉटशी उभे होते. "अव्वा, तुला म्हणलं हुतं की..."

"लिंबू नको म्हणला हुतास," त्या म्हणाल्या. "चिंच कवा नको म्हणलास?"

घरातल्या बाईला अॅसिड म्हटलं की संडास धुवायची बाटली आठवते. चिंच तर आमटीत पडते.

घरी आल्यावर यांनी पुण्याला उस्तादाला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, मी उंबऱ्यावर बसले होते. सगळं ऐकून घेतल्यावर यांनी विचारलं, हिला वास कसा आला नाही? हिचं नाक तर लई तेज. उस्ताद म्हणाला, तो वास काही जणांना येतच नाही. जन्मापासून. बाकी सगळं येतं, तेवढाच येत नाही, आणि ज्याला येत नाही त्याला ते ठाऊकही नसतं. म्हणून तर नाकावर काम ठेवायचं नसतं, पंख्यावर ठेवायचं. एवढं तुला शिकवलं नव्हतं का रे?

सकाळी आत्यांना उचलतानाही इतकी भ्याले नव्हते. दारात बसलेले माझे ते सगळे दिवस डोळ्यांपुढून गेले. ज्वारी निवडणारी मी, आत वाकलेले हे. आंधळ्याला राखणीला बसवावं आणि त्यानं रात्रभर खुशाल सांगावं, कुणी आलं नाही, सगळं ठीक आहे. मी तेच सांगत होते रोज. माझा कुटलेला बदाम, माझं ते पाठांतर.

हे माझ्या शेजारी उंबऱ्यावर येऊन बसले. बराच वेळ बोटं मोडत राहिले.

"एक सांगू का," हे म्हणाले. "पंखा म्या बंद करायचो, त्ये बिलासाठी न्हवं."

"मग?"

"त्याच्या आवाजात तुझी हाक ऐकू आली नसती."

हे माझ्याकडं बघत नव्हते.

"तुला वास आला तर तू वरडणार, आन् म्या ऐकायला पायजे. म्हणून तू बसलीस की पंखा बंद करायचो. कवाकवा मास्क बी काढायचो. तू हाईस म्हणल्यावर भ्याव वाटत न्हवतं."

पांढरं मीठ आता आमच्याकडं नाही. तसला कचरा नेणारी माणसं येऊन ते ड्रममध्ये भरून घेऊन गेली, हिरवी बादलीसुद्धा. जस्ताच्या मुठी आल्या तर हे परत पाठवतात. लोखंडावर दुसऱ्या रीतीनं तांबं चढतं, वेळ लागतो, पण चढतं. अॅसिडची टाकी आहे, तिचीही वाफ असतेच. म्हणून पंखा सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालतो आणि मास्क कानावरून उतरत नाही. आत्या आल्या की दारातून ओरडून विचारतात, "आरं, आता चिंच चालती का?" आणि स्वतःच हसतात. मला अजून हसता येत नाही. घरात गॅसचा वास मला लख्ख येतो, तरी मी त्यांना विचारते, आत्या, येतोय का काही? त्या म्हणतात, तुझ्या भाजीचा.

मी दारात बसते. सवय गेली नाही. मधूनच हाक मारते, काही काम नसताना. पंख्याच्या आवाजात ती यांना ऐकू जात नाही.